हात न लागलेलं जंगल

"महाराष्ट्रात माणसाचा हात न लागलेलं जंगल अजून कुठे उरलंय?" डोंगरात फिरणारा माणूस दिसला की हा प्रश्न ठरलेला, अगदी लग्नाच्या पंगतीतही. विचारणाऱ्याला एका जागेचं नाव हवं असतं. तुम्हीही विचारलंत म्हणून नाव आधी सांगून टाकतो: कोयना आणि चांदोली. मात्र हात न लागलेलं म्हणाल, तर तसं जंगल मला सह्याद्रीत कुठे भेटलं नाही.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. आत अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांची अशी गच्च झाडी की भर दुपारी काळोखी वाटते. शेकरू खणखणीत ओरडतं आणि आपण मान वर करेपर्यंत पुढच्या झाडावर गेलेलं असतं. वाटेत गव्याचं शेण, अस्वलाने उकरलेलं वारूळ. इथवर सगळं मनासारखं.

मग रान एकदम उघडतं, गवताळ माळ लागतो. कडेला जुने आंबे, दोन फणस, त्यांच्या सावलीत दगडी जोतं. उतारावर नाचणीच्या शेताचे बांध, अजून शाबूत. कुठे फुटकं जातं पडलेलं. म्हणजे ज्या माळावर आपण गवे बघायला दबा धरून बसतो, ते कुणाचं तरी शिवार होतं.

हे रान असं रिकामं कसं झालं? कोयनेचं धरण बांधलं, त्याचा शिवसागर जलाशय भरला आणि खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. माणसं ठाणे, रायगड, सोलापूरपर्यंत पांगली. काही तिथेच डोंगरात वर सरकली. १९८५ मध्ये अभयारण्य झालं आणि वर राहिलेल्यांपैकीही अनेक गावं पुढे उठली. चांदोलीत वारणेच्या खोऱ्यात तेच. धरणग्रस्तांच्या जमिनीचे प्रश्न तर आजही पुरते सुटलेले नाहीत. कोयनेची वीज वापरत आपण तिथल्या एकांताचं कौतुक करतो, हे मला जरा खुपतं.

गावं उठल्यामुळे रान दाट झालं, हे खरंच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात वाघ आला, तेव्हा मलाही आनंदच झाला. पण माणूस गेला की सगळं आपोआप सुधारतं, असंही नाही. जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, पिढ्यान्‌पिढ्या गवळी धनगरांची गुरं चरली. गुरं थांबली की गवतात झुडपं घुसतात, आणि गव्या-सांबरांना तर गवत हवं. मग जुन्या गावठाणांवरची गवताची कुरणं वनखात्याला राखावी लागतात. कारवीचंही तसंच. सात वर्षांनी फुलते तेव्हा फोटोंचा पूर येतो. याच कारवीच्या काठ्यांचे कुड उभारून, वर शेणमातीचा गिलावा देऊन इथली घरं होत होती, हे मात्र फोटोत येत नाही.

कोयनेच्या रानातल्या वासोट्यालाच घ्या. दुर्गम म्हणून ज्याची ख्याती, त्या किल्ल्यावर मराठेशाहीत कैदी ठेवत. पेशवाईच्या शेवटी ताई तेलिणीने तो पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यावर तोफा डागल्या. शेजारच्या नागेश्वराच्या गुहेत महाशिवरात्रीला कोकणातल्या चोरवण्याकडून कडा चढून माणसं येतात, तीही चपला घातलेल्या आजीबाईंसकट. आपण पाचशे रुपयांच्या काठ्या टेकत धापा टाकत असतो.

तर जायचं असेल तर पाऊस सरल्यावर जा. शिवसागराच्या काठावरच्या बामणोलीला वनखात्याची परवानगी काढून लाँच धरा. सकाळी लवकर निघा, कारण रात्री आत राहू देत नाहीत आणि संध्याकाळी परत फिरावंच लागतं. वाटाड्या स्थानिकच घ्या. त्याला वाघाबद्दल सगळेच विचारतात. तुम्ही त्याचं गाव पाण्याखाली कुठे आहे ते विचारा. लाँच चालू असतानाच बोटाने दाखवेल, आणि बहुतेक शेताच्या हद्दीसकट.