आमची वाटचाल : लव खाली, चेन खाली

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावरून आत जाणाऱ्या बोळीत आमचं दुकान आहे. उशा, लोड, तक्के, दिवाणाचे सेट, सोफ्याच्या गाद्या, पडदे, आणि हे सगळं एकमेकांशी जुळवून देणं. शेवटचं काम खरं आमचं. कापड गोलाईत कुणीही विकतं. पण बैठकीची फरशी कोणती, खिडकी पूर्वेला की पश्चिमेला, घरात शेतावरून येणारी-जाणारी माणसं किती, दिवाणावर दुपारी कोण झोपतं, हे घरी जाऊन बघायचं आणि मग कापडाच्या ताक्याला हात लावायचा, ही पद्धत आमच्या भागात आम्ही पाडली. हे ठासून लिहिते, कारण अलीकडे तीच पद्धत दुसरे आपली म्हणून सांगायला लागले आहेत.

२००४ साली सुरुवात झाली तेव्हा माझ्याकडे पायाचं एक मशीन होतं आणि भांडवल म्हणून मंगळसूत्र सोडून बाकीचे दागिने. दुसरं भांडवल म्हणजे चाचा. चाचा जातिवंत पिंजारी. मशीनवर रुई पिंजून देणारी दुकानं झाली आणि त्यांच्या खांद्यावरचं पिंजण भिंतीला लागलं. मी त्यांना म्हटलं, शिलाई माझी, भरण तुमचं, नफा निम्मा. कागद वगैरे काही केला नाही, आजवर लागलाही नाही.

त्या पिंजणाबद्दल लिहायलाच हवं. माणसाएवढा लाकडी दांडा, त्याला ताणून बांधलेली तात, आणि दोन्ही टोकांना जाड असलेला ठोकळा. तातीवर ठोकळा बसला की रुई वर उडते, कचरा आणि सरकीचे तुकडे खाली बसतात. मशीन रुई लवकर मोकळी करतं, पण धागाही तोडतं. तुटलेल्या धाग्याची उशी वर्षभरात गोळे धरते. चाचा सेलू-मानवतच्या जिनिंगमधून रुई निवडून आणायचे, मुठीत दाबून सोडायचे आणि ती किती उसळते ते बघायचे. मला घाई असली की म्हणायचे, "नक्को बाई, अभी और धुनना पडता." डोक्याखालच्या उशीसाठी ते काटेसावरीचा कापूस आणायचे. तो बुळबुळीत असतो, सूत काढायला निरुपयोगी, पण उशीत त्याच्यासारखं हलकं दुसरं काही नाही. उन्हाळ्यात बोंडं फुटायच्या आधी उतरवली नाहीत तर सगळा वाऱ्यावर जातो.

शिलाईत माझा आग्रह कोपऱ्याचा. चौकोनी उशी सरळ काटकोनात शिवली की भरल्यावर तिला कान येतात. मध्ये पोट आणि चार टोकं मोकळी, लोंबती. म्हणून कोपरा चार बोटं लांब असतानाच शिलाई हळूहळू आत वळवायची, टोकाशी ती अर्धा इंच आत आलेली असली पाहिजे. अभ्रा १६ इंची असेल तर आतलं भरण १८ इंची, म्हणजे कोपरा गच्च भरतो. पायपिंगची, म्हणजे कडेच्या गोटाची, पट्टी नेहमी उरेब, तिरकी कापायची. सरळ कापली तर कोपऱ्यावर चुण्या पडतात. मखमलीची कैची वेगळी ठेवायची, त्या कैचीनं पुठ्ठा कापलेला मला दिसला तर मी माणूस बदलते.

आता हॉटेलचं. बोलायचं नाही असं घरचे म्हणतात, पण वाटचाल लिहायची आणि हे वगळायचं तर ती वाटचालच नाही.

२०१५ च्या दिवाळीनंतर एका नव्या हॉटेलचं काम आलं. मालकाचं नव्हे, इंटिरियरच्या ठेकेदाराचं. खालच्या हॉलचे सोफे, त्यांच्या पाठीच्या उशा, पडदे, आणि आवडलं तर वरच्या सगळ्या खोल्या. बाटलीहिरवी मखमल ठरली, पडद्याला तिचाच काठ. मी सुरतेहून एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, ताके मागवले, तेही उधारीवर, कारण एवढं कापड रोख घेण्याची आमची ऐपत नव्हती. वरच्या खोल्यांचंही त्यातच घेतलं. ठेकेदारानंच सांगितलं होतं की लॉट बदलायला नको.

मखमलीला लव असते. तळहात एका दिशेनं फिरवला की गुळगुळीत लागते, उलटा फिरवला की अडते. लव खाली असेल तर कापड उजळ दिसतं, वर असेल तर तेच कापड गडद, जवळजवळ काळपट. म्हणून आम्ही प्रत्येक तुकडा एकाच दिशेनं कापतो आणि चेन खालच्या बाजूला बसवतो. लव खाली, चेन खाली. उशी ठेवणाऱ्यानं एवढंच बघायचं असतं.

माल पोचवला त्या दिवशी ठेकेदारानं आम्हाला मांडू दिलं नाही. "आमची पोरं मांडतील." संध्याकाळी फोन आला, "मॅडम, शेड दोन आलेत." मी तशीच निघाले. हॉलमध्ये छतातून दिव्यांचा प्रकाश थेट खाली पडत होता आणि निम्म्या उशा उजळ, निम्म्या गडद दिसत होत्या. जवळ जाऊन बघितलं. गडद दिसणाऱ्या प्रत्येक उशीची चेन वर. पोरांनी उलट्या ठेवल्या होत्या. मी त्याच्यासमोर एक उशी उचलली, फिरवली आणि परत ठेवली. रंग त्याच्या डोळ्यांदेखत बदलला. त्यानं बघितलं. मग म्हणाला, "तुम्ही शिवणकामवाल्या बाया, लॉटमधलं तुम्हाला काय कळतंय?"

त्या वाक्याचा राग मला आजही तेवढाच आहे. चूक त्याच्या पोरांची होती, पुरावा समोर होता, आणि तरी बिल अडकलं. कारण नंतर कळलं. वरच्या खोल्यांचं काम त्यानं आधीच एका मोठ्या शोरूमला देऊन ठेवलं होतं आणि आम्हाला बाहेर काढायला निमित्त हवं होतं. ज्या उशा "नापास" केल्या त्या त्यानं परत दिल्या नाहीत. त्या तिथंच सोफ्यावर राहिल्या, चेन खाली करून. पुढं त्या हॉलचा फोटो शोरूमच्या भिंतीवर लागला, आमच्या उशांसकट. आमच्याकडे कटिंग शिकलेला मुलगाही शोरूमनं पगार वाढवून नेला. मुलावर राग नाही, त्याच्या घरी खाणारी तोंडं होती. पण गावात बोलणं पसरलं ते असं की आमच्याकडे शेड चुकतात. ज्या एका गोष्टीवर मी धंदा उभा केला, नेमकं तिच्यावरच बोट.

वरच्या खोल्यांची मखमल कापून दुकानात पडलेली, सुरतेच्या पार्टीचे रोज फोन, आणि त्यात २०१६ चा उन्हाळा. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा आमच्या धंद्याशी काय संबंध ते कुणी विचारत नाही. सुती कापड कापण्याआधी भिजवून वाळवावं लागतं. न भिजवता कापलं तर पहिल्या धुण्यातच मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर आटतं, आणि मग अभ्रा उशीवर चढत नाही, दिवाणाची चादर कडेला अपुरी पडते. घरात प्यायला पाणी नाही तिथं ताके कशात भिजवणार? बाकीच्यांनी कोरं कापड कापून विकलं. आम्ही सुती सेट घेणं बंद केलं. चाचा म्हणाले, गिऱ्हाइकाला आत्ता नको म्हटलं तर ते परत येईल. आटलेला अभ्रा दिला तर नाही येणार. त्या उन्हाळ्यात चाचांनी मशीनवाल्याकडे रोजंदारी केली आणि आमच्या दुकानाचं भाडं अर्धं त्यांनी भरलं. वहीत त्यांनी ते लिहू दिलं नाही. मी लिहून ठेवलं होतं, नंतर फेडलं.

पाऊस चांगला झाला, दिवाळीचं काम आलं, आणि ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या. येईल तो जुनी पाचशेची नोट पुढं करायचा.

तेव्हा औसा रोडच्या बाई आल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका, आमच्या पहिल्या वर्षापासूनच्या. त्यांच्या घरातली एकही उशी दुसऱ्या कुणाच्या हातची नाही. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि रुखवतासाठी सेट हवा होता. सोबत एक शाल घेऊन आल्या होत्या, त्यांच्या औरंगाबादच्या आजीची, निजामाच्या काळातली हिमरू. ताणा सुती, बाणा रेशमी, मोतिया रंगावर हिरव्या बुट्ट्या. घडीवर विरलेली, पण मधले भाग शाबूत. बाई म्हणाल्या, "यातलं जेवढं वाचतंय तेवढं वाचव. आणि ती हॉटेलची मखमल दाखव मला, लपवू नको."

हिमरूच्या पाठीमागे रेशमाचे धागे मोकळे सुटलेले असतात. तसंच कापून शिवलं तर शिलाईतून निसटतं. म्हणून आधी प्रत्येक शाबूत चौकोनाला मागून मलमल टाचली, हातानं, आणि मगच कात्री लावली. बाटलीहिरव्या मखमलीच्या मधोमध हिमरूचा चौकोन, भोवती मोतिया पायपिंग. लोडांना नुसती मखमल, टोकाच्या चकत्यांना हिमरू. मागची बाजू मांजरपाटाची नाही, चांगल्या केसमेंटची, म्हणजे घट्ट विणीच्या सुती कापडाची, कारण रुखवतात बायका उशी उलटी करून बघतातच. बाईंनी चेक दिला, पूर्ण रकमेचा, काम सुरू व्हायच्या आधी. त्यातून सुरतेचा पहिला मोठा हप्ता गेला.

रुखवत मांडायला मी स्वतः गेले. बायकांनी उशा उलट्या केल्या, चेन ओढून बघितली, कोपरे दाबले. "कुठून केलाव हो?" असं विचारत होत्या आणि बाई मोठ्यानं दुकानाचं नाव सांगत होत्या. पुढच्या लग्नसराईचं काम त्या एका मांडवातून आलं. उदगीर, अहमदपूर, अंबाजोगाईकडची घरं आम्हाला तिथून मिळाली.

त्यानंतरची वर्षं सरळ गेली. २०२० मध्ये मास्क शिवले. आता भरणाचं काम चाचांचा नातू बघतो.

विचारलं नाही तरी थोडं सांगते. फोम घेताना छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो. २४ बाय २४ ची चार इंची गादी त्या हिशेबानं सव्वा किलोच्या जवळ भरली पाहिजे. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा, आठ-नऊशे ग्रॅम भरली तर ती ३२ नाही. रंग दुकानातल्या ट्यूबखाली पसंत करू नका. तुकडा घरी न्या, सकाळी खिडकीशी बघा आणि रात्री तुमच्याच दिव्यात बघा. एका बैठकीत एकच मोठी नक्षी, जोडीला पट्टे किंवा चौकडी, आणि उरलेलं साधं, पण साध्याचा रंग मोठ्या नक्षीतलाच हवा. आमच्याकडे काळ्या रानाची धूळ घरात येते, म्हणून बसायच्या बाजूला फिकट रंग घेऊ नका, तो पाठीच्या उशांना द्या. एप्रिल-मेमध्ये रेक्झिन आणि मखमल अंगाला चिकटते, तेव्हा दिवाणासाठी सुती अभ्र्यांचा दुसरा जोड शिवून ठेवा. आणि कापड घेताना लागेल त्यापेक्षा एक-दीड मीटर जास्त घ्या. उशी फाटेल तेव्हा तो लॉट कुठंच मिळणार नाही.

हॉटेलच्या कामानंतर आम्ही एक नियम केला. मंजूर कापडाचा तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवतो, लवेची दिशा बाणानं दाखवतो, लॉट नंबर टाकतो आणि गिऱ्हाइकाची सही घेतो. मगच कैची. मोठ्या कामात मांडणी आमचीच माणसं करतात, हे आधी कबूल करून घेतो. काही ठेकेदारांना याचा राग येतो. त्यांच्याकडून काम घेत नाही.

दिवाळीचं काम घटस्थापनेपर्यंत घेतो. त्यानंतर आलेलं कापड पाडवा झाल्यावर कापायला लागतं, मग ते कुणाचंही असो.