पडदे रंगवले, पण आधी चार दिवस खळीशी झगडले

बैठकीच्या खोलीला हातमागाचे साधे पडदे करायचे आणि डाळिंबाच्या सालीत घरीच रंगवायचे, असं ठरवलं तेव्हा मला धास्ती होती ती रंगाची. रंगानं काही त्रास दिला नाही. त्रास दिला कोऱ्या कापडानं.

कोऱ्या कापडाच्या सुताला विणताना पिठाची खळ लावलेली असते, ती राहिली तर रंग नीट शिरत नाही; म्हणून दुकानात मी दोनदा विचारलं होतं, "खळ काढलेली आहे ना?" "ताई, धुतलेलंच आहे, बिनधास्त घ्या." ६ मीटर कापड, वजन सव्वा किलो. रंग पक्का बसावा म्हणून हिरड्याची पूड २५० ग्रॅम रात्रभर भिजवून त्यात कापड बुडवलं, वाळवलं, मग १९० ग्रॅम तुरटीचं पाणी दिलं, मग सालींचा काढा. पिळून दोरीवर टाकलं तर कापडभर नकाशे! कुठे पिवळं, कुठे पांढुरकं. दोन दिवसांची मेहनत आणि ज्यूसवाल्याकडून महिनाभर जमवलेल्या साली, सगळं वाया. त्या दुकानदाराचा राग मला अजून आहे.

उरलेल्या कोऱ्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला. अळवाच्या पानावर राहावा तसा टपोरा उभा राहिला, आत शिरेचना. औषधाच्या डब्यातलं आयोडीन लावलं तर डाग निळा-काळा झाला. म्हणजे पिठाची खळ जशीच्या तशी होती. ही परीक्षा दुकानातून आल्या आल्याच करा, कुणाच्या शब्दावर जाऊ नका.

दुसरं कापड आणलं. एक दिवस-रात्र कोमट पाण्यात भिजवलं, पाणी बदललं, मग धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर उकळलं. पाणी चहासारखं झालं. ओतलं, पुन्हा उकळलं, फिकट झालं. तिसऱ्यांदा जवळजवळ नितळ. या सगळ्यात चार दिवस गेले आणि मी रोज कंटाळत होते, पण शेवटी थेंब टाकला तो टेकताक्षणी आत शिरला. इतका आनंद पडदे लागले त्या दिवशीही झाला नाही.

पुढचं सगळं सुरळीत झालं. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग सगळीकडे सारखा बसला.

हो, बोअरचं पाणी वापरू नका, त्यात लोह असलं तर पिवळा काळवंडतो. हळदीचा मोह पडद्यांसाठी टाळा. मी एक पट्टी अर्धी झाकून खिडकीत टांगली होती, उघडा भाग थोड्या दिवसांत उडाला. गंजलेले खिळे आणि गूळ पाण्यात दोन आठवडे मुरवले की त्या पाण्यानं सालींच्या काढ्यात रंगवलेल्या कापडावर छान राखाडी येतो, पण हे पाणी बेतानं घाला, जास्त झालं तर सूत कमकुवत होतं.

आणि मापं उकळल्यानंतरच घ्या. माझं ६ मीटर आकसून साडेपाच झालं. शिंप्यानं खाली चार बोटं राखाडी पट्टी जोडून दिली. डागाळलेलं पहिलं कापड आईनं गोधडीच्या अस्तराला नेलं.