आमची वाटचाल : पट्टीचं वजन

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांच्या दुकानात बाल्सा, म्हणजे विमानाचं हलकं लाकूड, आजही काट्यावर निवडला जातो. ३ मिमी जाड, ७५ मिमी रुंद आणि ९१५ मिमी लांब पट्टी ३० ग्रॅमच्या वर गेली की ती पंखात घालायची नाही. हा नियम मेस्त्रीमामांचा. उद्यमबागेत फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न करण्यात त्यांची हयात गेली. धंद्यात भांडवल माझं, हात त्यांचे. पट्टी कानाशी धरून अलगद वाकवायचे आणि म्हणायचे, "ही बोलते बघ. हीच घाल की." रिबा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या, कापायला बाजारातलं कटर त्यांना चालायचं नाही. हॅकसॉचं जुनं पातं दगडावर घासून केलेली सुरी, मुठीला सुतळी. ती सुरी अजून माझ्या टेबलावर आहे.

पहिली वर्षं बरी गेली. मग आमच्याकडेच शिकून गेलेल्या एकानं आमच्या १४०० मिमी पंखांच्या ट्रेनरचं, म्हणजे शिकाऊंच्या विमानाचं, ड्रॉइंग उचललं आणि स्वस्तात किट काढलं. आमच्या पंखात वर-खाली पाइनचे दोन स्पार, म्हणजे पंखभर जाणाऱ्या काठ्या, आणि मध्ये त्यांना जोडणारं, उभ्या रेषांच्या लाकडाचं वेब. त्यानं वेबच गाळलं! लूपमधून बाहेर येताना पंख मधोमध दुमडायचे. विमान त्याचं, बदनामी आमची. "बेळगावचं किट नको" हे मी माझ्याच काउंटरवर ऐकलंय.

त्यातून सावरतोय तोवर २०२० उजाडलं. पवनचक्कीच्या पात्यांच्या गाभ्यात बाल्सा घालतात. ती मागणी इतकी वाढली की इक्वाडोरचा माल मिळेना, मिळाला तर भाव ऐकवेना. वर लॉकडाऊन. घेतलेले ॲडव्हान्स परत करायला घरच्या पाटल्या गहाण टाकल्या, पण एकाही गिऱ्हाइकाचा रुपया बुडवला नाही.

खानापूरच्या एका निवृत्त सरांनी मात्र पैसे घेतलेच नाहीत. "लाकूड येईल तेव्हा किट द्या, मला कुठं जायचंय?" आठ महिने थांबले.

नव्या मुलांना सांगतो, आपल्याकडचा पावसाळा ओळखा. पट्ट्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका, काचेवर आडव्या ठेवून वर वजन द्या, नाहीतर पीळ पडणारच. सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथं सांभाळतो तो बिंदू, पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांत हवा. शेपटीजड विमान हाताळायच्या नादी लागू नका. उडवण्याआधी रिमोटची स्टिक उजवीकडे ढकला, उजवं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, वर गेलं पाहिजे. ती फळी हलवणारी छोटी मोटर, सर्व्हो, उलटी लागली म्हणून दहा सेकंदांत मोडलेली विमानं मी पोत्यात भरून आणलीत. आणि सांबऱ्याच्या बाजूला, विमानतळाजवळ, उडवायचं नाव काढू नका.

माल आल्यावर मामांनी सरांच्या किटच्या रिबा कापल्या. त्या त्यांच्या हातच्या शेवटच्या. त्याच पावसाळ्यात मामा गेले. सरांनी पंखाला पारदर्शक फिल्म चढवली, प्रत्येक रिबेवर मामांनी पेन्सिलनं लिहिलेले आकडे झाकू नयेत म्हणून. रविवारी सकाळी माळावर ते विमान डोक्यावरून वळलं की उन्हात त्या रिबा एकेक मोजता येतात.