माथ्यावर नाही, खांद्यावर

परवा रात्री गॅरेजमधल्या लेथवर, म्हणजे लोखंड फिरतं ठेवून कापायच्या यंत्रावर, मी बनवलेल्या स्टॉपला सॅडल (टूल धरून सरकणारा भाग) सलग दहा वेळा टेकवलं आणि बारीक फरक दाखवणाऱ्या डायल गेजची सुई दहाही वेळा एका रेघेच्या आत थांबली. लगेच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. चष्मा शोधून त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, सुई पाहिली आणि म्हणाले, "आता बसला." आयुष्यभर लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द ऐकायला मला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांबद्दलच आज लिहायचंय.

माझं काम डिझाइनचं. दिवसभर पडद्यावर सुटे भाग रेखाटायचे, 12.40 मिमी लिहायचं, शेजारी किती फरक चालेल ते, ±0.02, लिहायचं आणि ड्रॉइंग पुढे पाठवायचं. तो आकडा लोखंडात कसा उतरतो हे बाबांना रोज विचारता आलं असतं, पण घरी होते तेव्हा सुचलं नाही. इतक्या लांब आल्यावर सुचलं. शेजारच्या आजोबांना गुडघ्यांमुळे उभं राहवेना, म्हणून त्यांचं जुनं लेथ माझ्या गॅरेजमध्ये आलं, आणि आमच्या फोनवरच्या गप्पांना नवा विषय मिळाला.

लेथ इंची आहे. माझी कामं मिलिमीटरमधली. टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या डायलवर इंचाचा हजारावा भाग वाचून तो 25.4 ने गुणायची हळूहळू सवय झाली. पण सॅडलच्या हातचाकावर एकही रेघ नाही. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लांबीत किती कापला गेला हे पट्टीने नाहीतर अंदाजाने ठरवायचं. बुशला (पोकळ गोल भागाला) 12.40 वर खांदा, म्हणजे पायरी, काढायचा म्हणजे कापा, थांबा, मोजा, परत कापा. एकदा जास्त कापलं गेलं की तुकडा भंगारात.

यावरचा जुना उपाय म्हणजे कॅरेज स्टॉप. बेडवर, म्हणजे सॅडल ज्यावर सरकतं त्या रुळांवर, जॉब पकडणाऱ्या चकाच्या बाजूला, आवळून बसवलेला अडसर. सॅडल येऊन त्याला टेकतं आणि थांबतं. त्या अडसराला मायक्रोमीटर हेड, म्हणजे बारीक मापाचा स्क्रू असलेली नळी, लावलं की थांबण्याची जागा हवी तेवढी पुढेमागे करता येते. हेडमधल्या स्क्रूचा पिच 0.5 मिमी, बोटांनी फिरवायच्या थिंबलवर 50 रेघा, म्हणजे एका रेघेला 0.01 मिमी. पॅरिसच्या ज्याँ लोराँ पामेरने 1848 मध्ये पेटंट घेतलं ते याच कल्पनेवर, आणि हातात धरायच्या मायक्रोमीटरचं मूळ रूप आजही फारसं बदललेलं नाही. मला त्या स्क्रूबद्दल मनापासून आदर आहे. एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. यात समजायला अवघड असं काही नाही, आणि तरीही त्यातून शतांश मिलिमीटर बोटाखाली येतो.

तयार स्टॉप मिळतात, पण ते ज्या त्या बेडच्या आकाराचे असतात. माझ्या बेडच्या पुढच्या व्हीवर, म्हणजे छपरासारख्या उंचवट्यावर, त्यातला एकही बसेना. मग 30 मिमी जाडीचा माइल्ड स्टीलचा ठोकळा घेतला. खालच्या अंगाला बेडवर बसणारी उलटी व्ही, बेडच्या खालून पकडणारी एक पट्टी, दोन्हींना ओढून धरणारे दोन ॲलन स्क्रू, आणि वर हेडसाठी भोक. भोक ड्रिल करून ते नेमकं, गुळगुळीत करायला रीमर फिरवला आणि एका बाजूने करवतीने चीर पाडली, म्हणजे आडवा स्क्रू आवळला की भोक सगळीकडून हेडला कवेत घेतं. हेडवर थेट ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) आवळू नये. नळी जराशी दबली तरी आतला स्पिंडल जड फिरतो.

माझ्याकडे मिलिंग मशीन नाही. व्ही हॅकसॉ आणि कानशीने काढली. चार संध्याकाळी गेल्या.

मग चाचणी. डायल गेज बेडवर बसवला, त्याचं टोक सॅडलवर टेकवलं, सॅडल हाताने स्टॉपपर्यंत आणलं, सुई शून्यावर घेतली. मागे नेलं, पुन्हा आणलं. 0.01. पुन्हा, 0.03. पुन्हा शून्य. मग एकदम 0.06. मायक्रोमीटर शतांशाचा आणि थांबणं त्याच्या सहापट इकडेतिकडे. मला वाटलं हेड तिरकं बसलंय. हेड काढून त्या भोकात लांब ग्राउंड रॉड घातला, सॅडलवर डायल गेज लावून रॉडच्या कडेने फिरवला आणि दोन दिवस ठोकळा बेडला समांतर करण्यात घालवले. ऑफिसात मी आधी कागदावर हिशेब करते, इथे तो करायचा राहिला. हेड एक अंश तिरकं असलं तरी पूर्ण 25 मिमीत चूक येते जेमतेम 0.004 मिमी. आणि तिरकेपणाची चूक दर वेळी सारखीच येईल, ती अशी नाचणार नाही. माझं दुखणं दुसरीकडेच होतं.

रविवारी बाबांना सगळं सांगितलं.

"ठोकळ्याला हात लाव," ते म्हणाले. "पट्टी सैल कर आणि वरून नुसता बोटाने दाब. डुलतो का?"

डुलत होता. अगदी किंचित, पण बोटाला कळेल इतका.

"अगं, माथ्यावर बसलाय तो. व्हीच्या माथ्यावर. खांद्यावर बसव त्याला."

मी बेडच्या व्हीवर निळ्याचा, म्हणजे जिथे टेकतं तिथे खूण उमटवणाऱ्या रंगाचा, पातळ हात फिरवला, ठोकळा ठेवला, उचलला, उलटा केला. दोन्ही तिरक्या बाजू कोऱ्या. खोल कोपऱ्यात मात्र केसाएवढी एकच निळी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अख्खा स्टॉप त्या एका रेघेवर उभा होता आणि स्क्रू कितीही आवळले तरी सॅडलच्या प्रत्येक धक्क्याला थोडा कलत होता. ती रेघ मी बराच वेळ बघत बसले. बाबांनी हे हजारो मैलांवरून, निळं न लावता, नुसत्या वर्णनावरून ओळखलं होतं.

उपाय पाच मिनिटांचा. कोपऱ्यातून हॅकसॉने दोन मिलिमीटर खोल खाच मारली. आता बेडचा माथा त्या खाचेत मोकळा राहतो आणि वजन दोन्ही बाजूंच्या उतारांवर जातं. नंतरचं काम मात्र पाच मिनिटांचं नव्हतं. निळं लावा, ठेवा, उचला, जिथे ठिपका उमटला तिथे बारीक कानस, पुन्हा निळं. पहिल्या दिवशी डाव्या उतारावर तीन ठिपके, उजव्यावर एक. आठवडाभराने दोन्ही उतारांवर सगळीकडे विखुरलेले ठिपके, जवळजवळ सारख्या अंतरावर. निळ्याने माखलेली बोटं घेऊन मी दुसऱ्या दिवशी मीटिंगला बसले होते.

सुई 0.06 वरून 0.02 वर आली, आणि तिथेच अडली. पुढची गाठ शेजारच्या आजोबांनी सोडवली. ते काठी टेकत आले, स्टॉप पाहिला आणि विचारलं, सॅडल टेकतं कशाला? मी दाखवलं. हेडच्या सपाट टोकाला सॅडलची ओतीव, रंग दिलेली, खडबडीत बाजू टेकत होती. रंगावर एखादा बारीक कीस चिकटला तरी माप बदलणार. सॅडलच्या, बेड पुसत जाणाऱ्या, वायपरची पट्टी धरणारा एक स्क्रू होता. तो काढून त्या जागी गोल डोक्याचं, कडक केलेलं स्टीलचं बटण बसवायला त्यांनी सांगितलं. सपाटाला गोल टेकलं की टेकण्याचा बिंदू एकच राहतो, आणि बोटाने पुसला की स्वच्छ होतो.

त्या दिवशी दोघांना मी फोनवर समोरासमोर आणलं. बाबा सूत म्हणतात, म्हणजे इंचाचा आठवा भाग. आजोबा थाउ म्हणतात, म्हणजे हजारावा भाग. दोघंही इंचात वाढलेले, आणि मधे मी मिलिमीटरवाली दुभाषी. पण ठोकळा दाखवून आजोबांनी दोन उतारांवर दोन बोटं ठेवली, तेव्हा बाबांनी माझ्या भाषांतराची वाट पाहिली नाही. "हां, बरोबर," म्हणाले.

एका गोष्टीवर दोघांनी मला सारखंच दटावलं. स्वयंचलित फीड, म्हणजे मशीनने आपोआप सॅडल सरकवणं, चालू ठेवून सॅडल स्टॉपवर कधीही जाऊ द्यायचं नाही. हा अडसर फीड बंद करत नाही. मशीन ढकलतच राहतं, मग ठोकळा सरकतो, नाहीतर स्क्रू नाहीतर गिअर तुटतो. दोन-तीन मिलिमीटर आधी फीड सोडायचं आणि उरलेलं हाताने, दर वेळी तेवढ्याच दाबाने टेकवायचं. मी लेथच्या पुढच्या पत्र्यावर खडूने "आधी फीड" असं लिहून ठेवलंय.

काल पहिला खरा जॉब झाला. टूल जॉबच्या तोंडाला लावलं, सॅडल तिथेच ठेवून हेडचं टोक बटणाला टेकवलं, आकडा लिहून घेतला आणि थिंबल 12.40 मिमी मागे घेतलं. मग एकेक कट घेत प्रत्येक वेळी स्टॉपपर्यंत. मधे एकदाही थांबून मोजलं नाही. त्या विश्वासाने हातचाक फिरवताना छातीत धडधडत होतं. शेवटी डेप्थ मायक्रोमीटर लावला. 12.41.

आजोबांना आता तसाच एक स्टॉप हवाय, इंची हेडचा, त्यांच्याकडे उरलेल्या छोट्या लेथसाठी. ते खुर्चीवर बसून तेवढं लेथ चालवतात. दुसरा ठोकळा व्हाइसमध्ये लावलाय. या वेळी आधी खाच, मग व्ही.