तुराटीचे पाच तुकडे

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असा मेसेज ग्रुपवर आला आणि मला एकच माणूस आठवला, आपले इंग्रजीचे सर. गॅदरिंग, कबड्डी, सहल यावर बाकीचे लिहितीलच, मी फक्त सरांबद्दल लिहितो.

आपल्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. सातवीत धडा वाचताना मी अनफॉर्च्युनेटलीपाशी अडकलो, अन... अन... करत उभा, घाम फुटलेला. सर बाहेर गेले आणि सायकलींच्या बाजूच्या कुडाच्या भिंतीतून एक तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, उपसून आणली. मला वाटलं आता बसते पाठीवर. तर म्हणाले, "भेतं काहून बेटा, हनुवटीखाली हात धर अन् बोल माझ्यासंगं." अन-फॉर-च्यु-नेट-ली. जितक्यांदा जबडा हातावर टेकला तितके तुकडे त्यांनी कडाकड मोडून टेबलावर ठेवले, पाच. मग मधले तीन परत जुळवले, हे फॉर्च्युनेट म्हणजे नशीबवान, पुढचा अन म्हणजे नाही, आणि मागचा ली म्हणजे आपला 'नं'. "तुही आजी दुर्दैवानं म्हणते ना? दुर्, दैव, नं. तसंच हे."

जिभेचे तुकडे पाच, अर्थाचे तीन. आणि दोन्ही एकाच जागी मोडतील असं नाही हेही त्यांनीच दाखवलं. बोलताना आपण हे-लि-कॉप-टर म्हणतो, पण ग्रीकमधून आलेला जोड आहे हेलिको आणि प्टर, मळसूत्रासारखं फिरणारं आणि पंख. त्या दिवशी अख्खा वर्ग प्टर प्टर करत घरी गेला, आठवतं का रे?

आज मी तालुक्याच्या दवाखान्यात लॅबमध्ये आहे. डीएमएलटीला, म्हणजे लॅबच्या डिप्लोमाला, पोरं मोठमोठे शब्द पाठ करायची, मी मनात तुराटी मोडायचो. गॅस्ट्रोएन्टेरायटिस म्हणजे जठर, आतडं आणि सूज, झालं. हायपोग्लायसेमियात हायपो म्हणजे कमी, ग्लाय गोड, एमिया रक्तात. हायपोच्या जागी हायपर वाचलं तर कमी साखरेचा पेशंट जास्त साखरेचा होतो, म्हणून पुढचा तुकडा मी आजही दोनदा वाचतो, आणि प्रत्येक वेळी सर आठवतात, खरंच.

माझी मुलगी मोबाईलला विचारते, तो उच्चार सांगतो, अर्थ सांगतो, ती पुढं सरकते. याचं फार वाईट वाटायचं. मागच्या मार्चात शाळेवरून गेलो तर कुडाच्या जागी सिमेंटची भिंत, मग घरी येताना धुऱ्यावरच्या ढिगातून एक तुराटी उचलून आणली आणि तिच्या हातात दिली. शब्द तिनंच निवडला, रिस्पॉन्सिबिलिटी. हनुवटीखाली हात धरून हळूहळू बोलली.

सहा तुकडे झाले सर.