काळ्या रानातून सिमेंटचा रस्ता

वाळवंटातल्या सिमेंट रस्त्याचं डिझाइन आपल्या काळ्या रानात चालेल का, असं कुणी विचारलं तर आधी जमीन बघावी. सिमेंट रस्त्याखाली वाळवंटातली वाळू आपल्या काळ्या मातीपेक्षा बरी. वाळू फुगत नाही, पाणी धरून बसत नाही. तिची दुखणी वेगळी: कण एकाच मापाचे, त्यामुळे कोरडी वाळू रोलरखाली पळते, पाणी मारून, दोन्ही कडा आवळूनच ती बसते. शिवाय तिथं जिप्सम आणि मीठ जमिनीतून वर चढतं. सांगली जिल्ह्यातल्या पलूस-वाळव्याची काळी ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. जत, आटपाडी, माणमध्ये पाऊस कमी म्हणून तिथं 'वाळवंटी डिझाइन' लावायचं कुणी सुचवलं, तर आधी खोदून बघावं. माळ मुरमाड असतो, पण ओढ्याकाठी काळीचे पट्टे निघतात, आणि रस्ता तिथंच फुटतो.

उन्हाचा हिशेबही वाटतो त्याच्या उलटा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 58 क्रमांकाच्या संहितेत 20 सेंटिमीटर स्लॅबच्या वरच्या आणि खालच्या अंगातला तापमानफरक राजस्थानसाठी 13.1 अंश धरलाय, महाराष्ट्रासाठी 19 अंश (डोंगराळ आणि किनारी भाग सोडून). भर दुपारी स्लॅबचा वरचा भाग तापून पसरतो, मधोमध फुगवटा येतो, आणि त्यातच कडेवरून उसाची भरलेली ट्रॉली गेली की खालच्या बाजूला ताण पडतो. म्हणून तिकडची जाडी आणि जॉइंटचं (स्लॅबमध्ये मुद्दाम कापलेल्या फटींचं) अंतर इकडं उतरवून घेऊ नये. 20 सेंटिमीटर जाडीला जॉइंट 4 मीटरच्या पुढं नको; 3.75 मीटर रुंदीच्या रस्त्याला 3.75 चे चौकोनी तुकडे उत्तम. 15 सेंटिमीटरला 3 मीटर.

मातीची एक सोपी चाचणी आहे, ती टाळली जाते ते केवळ आळसानं. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली, भट्टीत वाळवलेली 10-10 ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, 24 तास ठेवायचं. पाण्यातलं आकारमान रॉकेलपेक्षा किती टक्के जास्त, तो फुगवट्याचा निर्देशांक. 50 च्या वर गेला की काळीवर थेट काँक्रीट टाकायचा विषय संपला.

मग मुरूम. पण तो कशासाठी, यात गफलत होते. काळी भिजवून मोजलेला सीबीआर (मातीच्या भार पेलायच्या ताकदीचं माप) 2 टक्के असेल तर आधाराचा गुणांक (जमीन स्लॅबला किती घट्ट पेलते तो आकडा) 21 धरतात, सीबीआर 10 ला 55. गुणांक अडीच पटींनी वाढला तरी स्लॅबची जाडी जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वाचते. मुरूम घालायचा तो आधार सगळीकडं सारखा राहावा म्हणून. महामार्गाला 60 सेंटिमीटर ते 1 मीटर जाडीचा न फुगणारा थर सांगतात. गावरस्त्याच्या अंदाजपत्रकात तो बसत नाही, 30 सेंटिमीटर तरी घ्यावा. थराच्या 4.75 मीटर रुंदीला एका किलोमीटरमागं दाबलेला 1425 घनमीटर, म्हणजे सुटा साधारण 630 ब्रास. मुरमात चिकण असेल तर तो उपयोगाचा नाही: ओला करून बोटांत वळून बघा, सुतळीसारखी वळी लांबत गेली की ती गाडी परत पाठवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथंच होते. काळीत चर खोदून मुरूम भरतात आणि दोन्ही कडांना काळीच ठेवतात. झालं, मुरमाचा हौद तयार. पावसाचं पाणी त्यात साचतं, खालची काळी आठवडेच्या आठवडे भिजत राहते. मुरमाचा थर गटाराच्या उतारापर्यंत बाहेर काढलाच पाहिजे, आणि गटाराचा तळ मुरमाच्या तळाखाली हवा. खालची काळी दाबताना ओलावा इष्टतमपेक्षा (ज्या ओलाव्याला माती सगळ्यात घट्ट बसते त्यापेक्षा) एक-दोन टक्के जास्त ठेवावा. कोरडी ठोकून बसवलेली काळी पुढं जास्त फुगते.

आपल्याकडचा खास त्रास म्हणजे एका अंगाला भिजवलेला ऊस, दुसऱ्या अंगाला कोरडं रान. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं तसं कोरड्या पट्ट्यातही हे चित्र दिसतं. उसाकडची कड वर येते, दुसरी खचते, आणि मधोमध रस्त्याच्या लांबीनं भेग जाते. स्लॅब 2 सेंटिमीटरनं जाड केल्यानं ती थांबत नाही. किलोमीटरला 75 घनमीटर काँक्रीट मात्र वाढतं. त्या पैशात साइडपट्टी दाबून घ्यावी आणि उसाची सरी रस्त्यापासून लांब ठेवायला शेतकऱ्याशी आधीच बोलून घ्यावं. कामात हे कलम कुठंच लिहिलेलं नसतं.

कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात माती आणि पाणी दोन्ही तपासा. मातीत सल्फेट 0.2 टक्क्यांच्या वर असेल तर साध्या ओपीसी (पोर्टलँड) सिमेंटऐवजी पीपीसी (पोझोलाना, बहुधा राख मिसळलेलं) किंवा स्लॅग सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण 0.50 च्या आत. मिसळायच्या पाण्यात सल्फेट लिटरला 400 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. बोअरचं पाणी चवीला मचूळ लागत असेल तर टँकर मागवा. स्लॅबखाली 125 मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद अंथरला की खालचे क्षार वर चढायला अडतात आणि सिमेंटचं पाणीही मुरमात जिरत नाही.

एप्रिल-मेमध्ये काँक्रीट ओतायचंच असेल तर संध्याकाळी. हवा 35 अंशांवर गेली की काम बंद. जॉइंट कापायचे ते उन्हाळ्यात 8 ते 12 तासांत, जाडीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश खोल. कटरवाला सकाळी येतो म्हणाला तर भेग रात्रीच आपली जागा निवडून घेते. गोणपाट 14 दिवस ओलं हवं, दुपारी तीन वाजताही. सकाळी एकदा पाइप फिरवून गेलेला माणूस दुपारी गोणपाट हाताला लावून बघत नाही, म्हणून ते काम अंगावर घेणारा वेगळा माणूस नेमा.