कव्हय जाशी?

काल संध्याकाळी आई ओट्यावर उडदाची डाळ निवडत बसली होती. मान वर न करताच आमच्या अहिराणीत म्हणाली, "कव्हय जाशी रे भाऊ?" कधी जाणार, एवढंच. रात्री आवडीची शेवभाजी पानात होती, तरी घास उतरेना.

गावात हा प्रश्न सगळेच विचारतात. अमळनेर स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं बॅग ठेवता ठेवताच विचारलं, "कव्हय उना, कव्हय जाशी?" कधी आलास, कधी जाणार. दुकानदार विचारतो, मास्तर विचारतात. त्यांचं काही लागत नाही. पण आईनं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीलाही कोणी असं विचारत नाही. महिनोन्‌महिने क्रूझच्या नोकरीत समुद्रावर काढून आलेल्या माणसाला चार दिवस तारखेशिवाय राहू द्यावं की नाही?

आप्पा असते तर... जाऊ दे. २०२० साली बंदरं बंद झाली, प्रवासी उतरले आणि आम्ही कर्मचारी जहाजावरच अडकलो, तेव्हाचं ते. त्यावर लिहायचं नाही.

आज दुपारी गल्लीतला एक पोरगा आला. धुळ्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकतोय. "दादा, क्रूझवर जाऊ की नको?" त्याच्या मोबाईलमधले सगळे फोटो वरच्या डेकचे. निळा पूल, सूर्यास्त. मी त्याला खालचं सांगितलं. आमची केबिन पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही, दोघांत एक खोली, एकावर एक बंक. बंकला पडदा असतो, तो ओढला की तेवढंच आपलं घर. उजाडलं हे मोबाईलवर बघून कळतं, आणि जहाज पश्चिमेला चाललं असेल तर ते घड्याळही रात्रीतून तासभर मागे जातं. करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा, त्यात आठवड्याची सुट्टी अशी नाहीच. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी लागते. ऐकायला बरं वाटतं. उलट बाजूनं मोजा, आठवड्याला ९१ तास काम नियमात बसतं. ते १० तासही दोन तुकड्यांत तोडता येतात, त्यातला एक तुकडा ६ तासांचा असला की झालं. रात्रीची जेवणं आवरून पाठ टेकतो न टेकतो तोच नाश्त्याची पाळी उभी.

पोरगा गप्प झाला. मलाच कसंतरी झालं, कारण गोष्ट इतकीच नाही. पगार डॉलरमध्ये, खाणं-राहणं कंपनीचं, खर्च करायला वेळच नाही, त्यामुळे पैसा शिल्लक पडतो. आमच्या घरावर स्लॅब पडला तो याच पैशानं. शेतात ठिबक आलं. ताईचं लग्न कर्ज न काढता झालं. कोरडवाहू कापसावर यातलं काय झालं असतं? लग्नाला मी नव्हतो, ते वेगळं. आणि घरी असतो त्या महिन्यांचा माझ्यासारख्याला पगार नाही, हेही त्याला सांगितलं.

मग कळलं की एजंटला द्यायला त्याच्या वडिलांनी शेत गहाण टाकायचं ठरवलंय. इथे मात्र माझा आवाज चढला. जहाजावर नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायला नियमानं मनाई आहे. एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे जहाजांसाठी माणसं भरती करायचा, परवाना आहे का, ते आधी बघायचं. पासपोर्ट, मेडिकल, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, आग विझवायचे नि जीव वाचवायचे एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमांचे कोर्स, हा खर्च आपल्याला करावा लागतो. त्यापलीकडे दमडी द्यायची नाही. ज्या जमिनीसाठी बाहेर पडायचं, तीच आधी घालवायची?

जाता जाता त्यानं विचारलं, "तिथे लोक आपसात बोलतात तरी काय?"

मी पटकन बोलून गेलो, "पहिला प्रश्न एकच. घरी कधी?"

खरंच तसं आहे. क्रू मेसमध्ये नवा माणूस ताट घेऊन समोर बसला की नाव नंतर, साइन-ऑफ, म्हणजे करार संपवून उतरणं, कधी हे आधी. फिलिपिनो असो, इंडोनेशियन असो, आपला गोवेकर असो. ज्याची तारीख जवळ आली त्याला सगळे आपलेच निघाल्यासारखे बिलगतात. तिथे हा प्रश्न मला कधी खुपला नाही. कुणी विचारलं नाही की उलट रुखरुख लागायची.

मग आईचाच का खुपावा? उडदाच्या पापडांना ऊन लागतं, लोणचं मुरायला दिवस लागतात, कळण्याच्या भाकरीचं पीठ ऐनवेळी ताजं दळून आणावं लागतं. तिला तारीख हवी असते ती माझी बॅग भरायला. सगळ्या घरात माझ्या जाण्याची तयारी तीच एकटी करते, बाकीचे नुसतं विचारतात. हे कळूनही थोडं खुपतंच. खुपणारच, ती आई आहे.

मघाशी तिला सांगितलं, मेडिकल झाल्याशिवाय तारीख कळणार नाही, पण आखाजी करूनच जाईन. लगेच म्हणाली, मग आधी पापड, कैऱ्या नंतर. पोराला रविवारी वडिलांना घेऊन बोलावलंय. एजंटचा कागद आणा, सातबारा घरीच राहू द्या म्हटलं.